'जुना' सेरिफ फाँट लावला, पण कव्हर जुनं न वाटता मळकं वाटतंय. चुकतंय कुठे?

मथळेबाज

नमस्कार मंडळी,

एका पुस्तकाचं कव्हर करतेय. जुन्या पत्रांचा संग्रह आहे. इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही आवृत्त्या एकदमच येणार आहेत. इंग्रजी नाव एकाच शब्दाचं, 'लेटर्स', सगळं कॅपिटलमध्ये. मराठी नाव 'पत्रव्यवहार'.

आधी इंग्रजी हातात घेतलं. एक फुकटचा सेरिफ (म्हणजे अक्षरांच्या टोकांना बारीक पाय असलेला) फाँट सापडला, कडा खाल्लेल्या, मधे पांढरे ठिपके, जुन्या छापखान्यातून आल्यासारखा. नाव ९६ पॉइंटात, उपशीर्षक १६ पॉइंटात, संपादकाचं नाव २२ मध्ये, सगळं त्याच फाँटमध्ये. अक्षरं जरा सुटी वाटली म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, उणे २० केलं. पार्श्वभूमीला पिवळट कागदाचा फोटो, आणि सगळ्यावर ओरखड्यांचं एक टेक्श्चर मल्टिप्लायमध्ये (म्हणजे खालचं दिसत राहील असं गडद करून).

प्रकाशकांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "जुनं नाही वाटत हो. पावसात भिजलेलं वाटतंय." आता या वाक्याचं मी काय करू? मलाही काहीतरी खोटं वाटतंय, पण बोट ठेवता येत नाहीये. उपशीर्षक तर चक्क घाण पडल्यासारखं दिसतं. फाँट बदलू की टेक्श्चर बदलू? की हा प्रकारच सोडून देऊ?

बेसलाइन

इमेज न बघताच सांगतो: तुमच्या शब्दात दोन 'टी' शेजारी शेजारी आहेत आणि दोन 'ई' आहेत. दोन्ही 'टी' एकाच जागी फुटलेत ना? डोळ्याला तेच खुपतंय. ग्लिफ पॅनल (फाँटमधल्या सगळ्या अक्षराकृतींची यादी) उघडून पर्यायी अक्षरं आहेत का बघा. बऱ्याच फाँटमध्ये स्मॉलच्या जागी कॅपिटलचीच दुसरी आवृत्ती भरलेली असते. एक 'टी' शिफ्ट दाबून टाइप करा, दुसरा न दाबता. झालं काम.

मथळेबाज

अगदी बरोबर! दोन्ही 'टी'चा डावा हात एकाच ठिकाणी तुटलाय, आणि दोन्ही 'ई'च्या मधल्या दांडीवर तोच ठिपका. मी चार दिवस बघतेय आणि दिसलं नाही. शिफ्टचा प्रयोग केला, पण या फाँटमध्ये स्मॉल अक्षरं खरोखरच स्मॉल आहेत. पर्याय नाहीत.

खिळेजोड

बेसलाइन यांनी रोग ओळखलाय, पण औषध अर्धंच दिलंय. मी जरा लांब लिहिणार आहे. माझ्याकडे एक छोटा हातप्रेस आणि शिशाच्या खिळ्यांच्या (छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या) सहा केसेस, म्हणजे खणांचे ट्रे, आहेत, आणि या विषयावर मला घरात कोणी बोलू देत नाही.

आधी माझी फजिती. पूर्वी एका प्रदर्शनासाठी मोठं पोस्टर केलं होतं. मथळ्यात चार 'ओ' होते. असाच 'विंटेज' फाँट, चारही 'ओ'ना घड्याळातल्या चारच्या जागी एकसारखा लचका. मोठी माणसं छान छान म्हणून पुढे गेली. एक सात-आठ वर्षांची मुलगी थांबली आणि म्हणाली, "काका, या सगळ्यांना एकच उंदीर चावलाय का?" त्या दिवसापासून मी फाँट घेताना आधी 'ओ' चार वेळा टाइप करून बघतो.

आता हे का खुपतं ते सांगतो. खिळा म्हणजे एक वस्तू. एका फर्म्यात (एकदम छापायला आवळलेल्या जुळणीत) ती एकाच जागी बसू शकते. तुमच्या पहिल्या 'टी'चा हात तुटलेला असेल तर दुसरा 'टी' हा वेगळा खिळा आहे, त्याला स्वतःचं काहीतरी झालेलं असेल किंवा काहीच झालेलं नसेल. तोच तुटका 'टी' पुढच्या पानांवर पुन्हा भेटू शकतो, कारण छपाई झाली की खिळे सोडवून परत केसमध्ये जातात आणि पुन्हा जुळवले जातात. पण एकाच वेळी दोन ठिकाणी? शक्य नाही.

ही गोष्ट इतकी पक्की आहे की चार्लटन हिनमन नावाच्या अभ्यासकाने तिच्यावर आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा जो फोलिओ (मोठ्या आकाराचा ग्रंथ) आहे, त्याच्या वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातल्या डझनावारी प्रती त्याने एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्यासाठी स्वतः एक यंत्र बनवलं. दोन प्रतींमधलं एकच पान त्यात आलटूनपालटून दिसायचं, आणि जिथे फरक असेल तिथे पान लुकलुकायचं. मग शेकडो तुटक्या, वाकड्या खिळ्यांचा त्याने पानोपानी माग काढला. अमुक 'एच' या पानावर दिसला, मग थेट त्या पानावर, म्हणजे मधल्या काळात तो दुसऱ्या फर्म्यात अडकलेला होता. असं करत करत कोणतं पान आधी जुळवलं, कोणतं नंतर, हे त्याने मांडलं. ते सगळं १९६३ साली प्रसिद्ध झालं. तुटका खिळा म्हणजे बोटाचा ठसा, एवढं लक्षात ठेवा. तुमच्या कव्हरवर एकाच माणसाचे बोटाचे ठसे सगळीकडे पडलेत.

म्हणून पहिलं काम: शब्द आउटलाइनमध्ये (अक्षरांऐवजी नुसत्या आकारांमध्ये) बदला आणि सात अक्षरं सात वेगवेगळे खिळे समजून हाताने दुरुस्त करा. खरं म्हणजे दुरुस्त कमी, निरोगी जास्त करा. जुन्या छापील पानावर सात अक्षरांत सातही जखमी नसतात. एखादं असतं. आणि ते एकच असलं की डोळा विश्वास ठेवतो.

दुसरं, जखम कुठे होते ते बघा. फाँट बनवणारे बरेचदा संगणकावर एक खरखरीत चित्र घेतात आणि प्रत्येक अक्षरावर दाबतात. मग ओरखडे कुठेही पडतात, जाड दांडीच्या ऐन पोटातही. शिशाच्या खिळ्याचं तसं नाही. शिसं मऊ म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील घालतात, तरीही तो धातू नाजूकच. मार खातात ती टोकं: सेरिफचे बारीक पाय, 'एफ'ची पुढे झुकलेली मान, ओळीच्या शेवटी उघड्यावर असलेली अक्षरं. प्रूफ दुरुस्त करताना चिमट्याने खिळा उपसतात, तेव्हा चिमटा निसटला की तोंडावर एक तिरका चरा जातो. तो चरा मला लांबूनही ओळखू येतो, कारण माझ्या अर्ध्या केसवर तो मीच पाडलाय.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. झिजलेला खिळा बारीक होत नाही, जाड होतो. तोंड घासलं जातं, कडा गोल होतात, आणि खालचा उताराचा भागही शाई घ्यायला लागतो. वर दाब जास्त आणि शाई सैल असेल तर ती अक्षराबाहेर पसरते, सेरिफ जिथे दांडीला मिळतो तो कोपरा भरून जातो, स्मॉल 'ई'चा डोळा मिटतो. म्हणजे जुन्या छपाईत काळं वाढलेलं असतं. आणि आपले 'विंटेज' फाँट काय करतात? काळ्यातून पांढरं खरवडून काढतात. उलटीच गंगा.

भिंग असेल तर एखाद्या जुन्या, खिळ्यांवर छापलेल्या पुस्तकाचं पान त्याखाली धरा. अक्षराच्या कडेला एक गडद रेघ दिसेल आणि आतला भाग किंचित फिका. दाबाने शाई मधून सरकून काठाला गोळा होते म्हणून तसं. माझ्या टेबलावर आत्ता एक पान आहे, त्यातला 'एम' बघतोय: तीन पाय काठाला काळेभोर, आत राखाडी, आणि मधल्या कोनात शाईचा एक थेंब अडकून त्रिकोण गोल झालाय. एकही पांढरा ठिपका नाही. तरी शंभर पावलांवरून सांगता येईल की हे पान जुनं आहे.

मग ते पांढरे ठिपके खोटेच का? तसंही नाही. ते मोठ्या अक्षरांचे. पोस्टरची लाकडी अक्षरं असायची, त्यांचं तोंड रुंद, शाई सगळीकडे सारखी बसत नाही, कागदाचे खड्डे कोरे राहतात. तिथे ठिपके शोभतात. पण १६ पॉइंटाच्या अक्षराची दांडीच मुळी ठिपक्याएवढी. तिथे ठिपका पडला तर दांडी तुटेल, ठिपका दिसणार नाही.

आणि इथेच तुमच्या उपशीर्षकाची घाण. फाँट मोठा केला की त्यातला खडबडीतपणाही मोठा होतो, लहान केला की लहान. ९६ आणि १६ म्हणजे सहापट फरक. तुमच्या मथळ्यातला खड्डा उपशीर्षकातल्या खड्ड्यापेक्षा सहापट मोठा आहे. पण खरा खडबडीतपणा कागदाचा आणि शाईचा असतो, आणि कागद तर दोन्हीला एकच! वाचणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण 'हे एका यंत्रावर छापलेलं नाही' एवढं त्याच्या डोळ्याला कळतं. संपादकाचं नाव २२ मध्ये, तो तिसरा आकार; त्यात तुम्ही वरून आणखी एक टेक्श्चर टाकलंय, म्हणजे खडबडीचे चार आकार झाले.

जाता जाता: ते उणे २० ट्रॅकिंग आधी काढा. प्रत्येक खिळ्याला धातूचं अंग असतं, ते कापल्याशिवाय दोन अक्षरं त्याहून जवळ येऊच शकत नाहीत. जुनी कॅपिटल्स सुटी असतात, उलट मधे पातळ पट्ट्या घालून आणखी सुटी करत. घट्ट बसवलेली आणि तरीही झिजलेली अक्षरं म्हणजे धोतरावर स्पोर्ट्स शूज.

मथळेबाज

बापरे. खिळेजोड, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सहापटीचं गणित वाचून कपाळावर हात मारला.

दोन प्रश्न. एक, मग फाँट कोणता घेऊ? साधा स्वच्छ घेऊन सगळं हाताने करायचं म्हटलं तर उपशीर्षकाची बेचाळीस अक्षरं आहेत. दोन, हल्ली काही फाँट आपोआप अक्षरं बदलतात म्हणे, ते घेतले तर?

चौकट_बाहेर

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

खिळेजोड म्हणतात ते छपाईचा इतिहास म्हणून सोळा आणे खरं. पण कव्हर हा पुरावा नाही, वातावरण आहे. दुकानात पुस्तक उचलणारा माणूस भिंग घेऊन येत नाही. आणि खोट्या जुनेपणालाही स्वतःचा इतिहास आहे. कॅसलॉन अँटिक हा फाँट घ्या. नाव ऐकून वाटतं अठराव्या शतकातला इंग्रज टाइपकार विल्यम कॅसलॉन. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. १८९० च्या दशकात बर्न नॅडल याने तो शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीसाठी (खिळे ओतणाऱ्या कारखान्यासाठी) काढला, तेव्हा त्याचं नाव होतं 'फिफ्टीन्थ सेंच्युरी'. पुढे विक्रीसाठी नाव बदललं. म्हणजे मुद्दाम वाकडातिकडा, झिजल्यासारखा ओतलेला कोरा करकरीत खिळा! पंधरावं शतकही खोटं आणि कॅसलॉनही खोटा. तरी शंभराहून जास्त वर्षं लोक तो वापरतायत आणि बघणाऱ्याला 'जुनं' वाटतंय.

तेव्हा खरेपणाचा इतका सोस नको. माझं म्हणणं एवढंच की एकसारखे 'टी' नकोत आणि आकारमानाचा घोळ नको. बाकी ठिपके असले काय, नसले काय.

खिळेजोड

चौकट_बाहेर, राग कसला, कॅसलॉन अँटिकचं उदाहरण तर माझ्याच बाजूने पडतंय. त्यात ओरखडे नाहीतच. कडा ओबडधोबड आहेत, अंग जाड आहे, पण काळं अखंड आहे. त्या माणसाला शाई पसरते कशी ते ठाऊक होतं. फसवायचं तर असं फसवावं!

पण भिंगाबद्दल तुमचं मान्य. माझ्या पोस्टरमधल्या चुकीवर बोट ठेवणारी मुलगीही भिंग घेऊन आली नव्हती, एवढंच म्हणतो.

मथळेबाज, तुमच्या पहिल्या प्रश्नाला: फेल फाँट बघा. ऑक्सफर्डचे बिशप जॉन फेल १६८६ साली वारले, जाताना जमवलेले टाइप विद्यापीठाला देऊन गेले. त्यांच्या छापील नमुन्यांवरून इजिनो मारिनी या इटालियन माणसाने डिजिटल फाँट केले, 'आयएम फेल' नावाने फुकट मिळतात. तुमच्या कामाची गोष्ट ही की ते आकारानुसार वेगवेगळे आहेत. जुन्या काळी आकारांना आकडे नव्हते, नावं होती: पायका म्हणजे आजचे साधारण १२ पॉइंट, इंग्लिश १४, ग्रेट प्रायमर १८, आणि फ्रेंच कॅनन म्हणजे मथळ्याचा मोठा टाइप. प्रत्येक आकार वेगळा कोरलेला, त्याची शाई वेगळी पसरलेली. मथळा फ्रेंच कॅननमध्ये लावा, उपशीर्षक ग्रेट प्रायमर किंवा इंग्लिशमध्ये. तुमचा सहापटीचा घोळ आपोआप बराचसा निस्तरतो, आणि बेचाळीस अक्षरांना हात लावावा लागत नाही. कडा मऊ आहेत, चरे नाहीत, त्यामुळे एकसारखी अक्षरंही फारशी खुपत नाहीत. मथळ्यातले दोन 'टी' आणि दोन 'ई' तेवढे हाताने वेगळे करा.

लायसन्स ओपन फाँट लायसन्स. कव्हरवर, विक्रीच्या पुस्तकावर बिनधास्त चालतं. तुमच्या आताच्या फाँटची झिप उघडून त्यातली टेक्स्ट फाइल वाचली का? 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं निघण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरा प्रश्न, आपोआप बदलणारे. कल्पना नवी नाही. १९८९ साली एरिक व्हान ब्लोकलंड आणि युस्ट व्हान रोसम या दोघा डच पोरांनी बिओवुल्फ नावाचा सेरिफ केला होता, तो प्रिंटरमध्ये गेला की प्रत्येक अक्षराच्या कडा जागच्या जागी नव्याने विस्कटायच्या. एकच पान दोनदा काढलं तरी दोन्ही वेगळी. आजचे फाँट तसं करत नाहीत. त्यांत प्रत्येक अक्षराच्या तीन-चार आवृत्त्या आधीच भरलेल्या असतात, आणि कॉन्टेक्श्चुअल ऑल्टरनेट्स (शेजार बघून अक्षर बदलण्याची सोय) चालू असले की शेजारी तेच अक्षर आल्यावर पुढची आवृत्ती येते. आवृत्त्या संपल्या की पुन्हा पहिलीच. तीन आवृत्त्यांचा फाँट मथळ्याला पुरतो, परिच्छेदाला नाही. विकत घेण्याआधी नमुन्याच्या खिडकीत एकच अक्षर दहा वेळा टाइप करून बघा.

बेसलाइन

पुरवणी: ते ऑल्टरनेट्स इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्ये सहसा चालूच असतात, पण एकेक अक्षर वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाकलं की बंद पडल्यासारखे होतात, कारण शेजारी कोण आहे हे फाँटला कळत नाही. मी एकदा याच्यावर अर्धा दिवस घालवलाय.

प्लेटमेकर

कव्हर छापायचं कसं ते कुणी विचारलंच नाही. मी आयुष्यभर तुम्हा लोकांच्या फाइली प्लेटवर घेतल्यात, म्हणून काकुळतीने लिहितोय.

ऑफसेट असेल तर तुमचं टेक्श्चर फोटोशॉपमधून करड्या छटांत आलंय का बघा. करडी कड म्हणजे प्लेटवर जाळीचे ठिपके. तुम्हाला हवी होती खरखरीत तुटकी कड, छापून येते धुरकट. अक्षरांचा थर थ्रेशोल्ड (करड्या छटा काढून टाकणारी सोय) लावून निव्वळ काळा-पांढरा करा, बिटमॅप मोडमध्ये, मूळ आकारात १२०० डीपीआय. तीनशे डीपीआयच्या बिटमॅपला जिना दिसतो. आणि काळं म्हणजे फक्त काळी शाई. चार रंगांचं काळं केलंत आणि रजिस्टर (रंगांची एकमेकांवर नेमकी जुळणी) केसभर हललं की प्रत्येक खड्ड्यात लाल-निळी किनार दिसणार.

नावाला फॉइल (चकचकीत धातूचा मुलामा) लावायचा विचार असेल तर आताच सांगा. फॉइलला धातूचा ब्लॉक लागतो, त्यातले बारीक खड्डे फॉइलने भरून निघतात. महाग ब्लॉक करून शेवटी गुळगुळीत अक्षर मिळतं, वर कुठेतरी दोन खड्डे उरतात ते दोष वाटतात. स्क्रीन प्रिंटिंगचंही तेच, बारीक ठिपका जाळीत टिकत नाही. विनाइल कापणाऱ्या प्लॉटरला तर असला फाँट देऊच नका. साध्या 'एन'ला तीसेक बिंदू पुरतात, या कुरतडलेल्या 'एन'ला शेकडो. सुरी प्रत्येक खाचेत थरथरत जाते आणि मग कुणीतरी चिमटा घेऊन रात्रभर कण उपसत बसतं. ते कुणीतरी बहुधा मीच असतो.

मथळेबाज

फॉइलचं प्रकाशकांच्या डोक्यात होतं! बरं झालं विचारायच्या आधी समजलं. फॉइल रद्द, साधं ऑफसेट, मॅट लॅमिनेशन.

काल रात्री बसले. जुना फाँट काढला (हो, टेक्स्ट फाइलमध्ये 'वैयक्तिक वापर' असंच निघालं, धन्यवाद). पिवळा कागद काढला, ओरखडे काढले. फ्रेंच कॅननमध्ये नाव, ग्रेट प्रायमरमध्ये उपशीर्षक, अक्षरं सुटी. नुसतं एवढं केलं आणि अर्धं काम झालं. मग पहिल्या 'टी'च्या डाव्या हाताचा पाय तोडला, दुसरा 'टी' सोडून दिला. शेवटच्या 'ई'चा खालचा कोपरा थोडा भरला, शाई साचल्यासारखा. बस.

आता मराठी कव्हर. 'पत्रव्यवहार'. इलस्ट्रेटरमध्ये एका स्वच्छ देवनागरी फाँटला रफन इफेक्ट (कडा खडबडीत करणारा) लावून बघितला तर शिरोरेषा करवतीसारखी झाली आणि दोन अक्षरांच्या जोडावर पायरी पडतेय. देवनागरीला हे जमत नाही का?

खिळेजोड

जमतं, पण वेगळं जमतं. रफन प्रत्येक अक्षरावर स्वतंत्र चालतो, म्हणून 'प'ची रेघ जिथे संपते आणि 'त्र'ची सुरू होते तिथे दोन लाटा जुळत नाहीत. आधी आउटलाइन करा, मग पाथफाइंडरने (आकार जोडणाऱ्या साधनाने) सगळी अक्षरं एकजीव करा, म्हणजे शिरोरेषा एक सलग पट्टी होईल. मग कडा अगदी किंचित मऊ करा. रफन नकोच, त्यापेक्षा कोपरे गोल करणं बरं.

आता गंमत. डिजिटल फाँटमध्ये शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात म्हणून रेघ सलग दिसते. शिशाच्या खिळ्यांत प्रत्येक अक्षर आपल्यापुरता शिरोरेषेचा तुकडा घेऊन यायचं आणि ते शेजारी शेजारी बसायचे. खिळे नवे असतील, फर्मा घट्ट आवळला असेल तर जोड जेमतेम दिसतो. जुने झाले, कडा मार खाल्ल्या की दोन तुकड्यांत केसाएवढी पांढरी फट राहते. देवनागरी छपाईचं वय या फटीत दिसतं, ओरखड्यात नाही. माझ्याकडच्या एका जुन्या पानावर 'व'नंतरची फट इतकी नेमकी आहे की तिथे नख अडकेल असं वाटतं, आणि त्याच ओळीत पुढचे तीन जोड सलग आहेत.

तेव्हा 'पत्रव्यवहार'मध्ये एकजीव केलेल्या रेघेवर पातळ, उभ्या, दोन-तीनच फटी कापा. सगळ्या जोडांवर नाही. एका जागी डावा तुकडा उजव्यापेक्षा अगदी कणभर खाली घ्या, खिळा नीट उभा न राहिल्यासारखा. 'व्य'मधला अर्धा 'व' आणि नंतरचा पूर्ण 'व' हे वेगळे खिळे, त्यांची पोटं एकसारखी ठेवू नका: एकाच्या पोटात शाई भरू दे. वर मात्रा, वेलांटी, रफार असता तर तिथे मोडतोड दाखवता आली असती, खिळ्याबाहेर झुकलेला भाग आधी तुटतो. तुमच्या शब्दात वर काहीच नाही. काम सोपं झालं.

चौकट_बाहेर

फटींची कल्पना चोरतोय. आगाऊ धन्यवाद.

मथळेबाज

झालं! दोन फटी, एक 'पत्र'नंतर आणि एक 'हा'च्या आधी. 'हा' कणभर खाली. प्रिंट काढून भिंतीला लावलं, चार पावलं मागे जाऊन बघितलं, आणि पहिल्यांदाच दोन्ही कव्हरं एका घरातली वाटली. काळी शाई, हस्तिदंती कागदाचा सपाट रंग, बाकी काही नाही.

दुपारी प्रकाशकांना पाठवलं. आत्ता उत्तर आलं, जसंच्या तसं देते: "आता एकदम छान, जुन्या पुस्तकासारखं. फक्त पहिल्या 'टी'चा हात तुटलाय आणि मराठीत 'हा' जरा खाली घसरलाय, तेवढं दुरुस्त करून फायनल पाठवा."

काय उत्तर देऊ?

खिळेजोड

लिहा, केसमध्ये दुसरा 'टी' शिल्लक नव्हता. 'हा' मात्र अर्धा कण वर घ्या, त्यांचाही मान राहू दे.